न दिसलेली म्हैस

मी मेल थांबवली होती, ही गोष्ट मी आजवर निदान दोनशे वेळा तरी सांगितली असेल. लग्नाच्या मांडवात सांगितली, बारशाला सांगितली, एकदा तर स्मशानात लाकडं यायला उशीर झाला तेव्हाही सांगितली आणि मयताचा सख्खा भाऊ हसला. माझ्या सांगण्यात रूळ तुटलेला असायचा. मी अंगातला लाल बनियन काढून मेलच्या दिशेने धावत सुटायचो. ड्रायव्हर खाली उतरून मला मिठी मारायचा, आणि ऐकणारे फारच भाबडे असले तर डब्यातल्या बायका मला ओवाळायच्या.

लाल बनियन माझ्याकडे कधीच नव्हता. रूळ धडधाकट होता. मेल थांबली होती, एवढंच खरं. ती कशी थांबली आणि पुढे काय झालं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहायला बसलोय तर आत्तापासूनच कान गरम झालेत.

आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो माग एकदम धडाडत असतात, तिथे चोवीस वर्षं उभं राहिल्यावर माणसाचे कान जातात, तसे बाबांचे गेले होते. पण साचेखात्यात कान असणारे तरी कुठे ऐकू शकतात? तिथले सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. बाबांना तुम्ही पाठमोरं उभं राहून शिव्या घातल्या तरी चालायचं, पण समोरून पुटपुटलात तर पकडले गेलात.

गिरणी बंद पडली आणि बाबा दारातल्या स्टुलावर बसले. दोन वर्षं तिथेच. बोलणं कमी, जेवण कमी. मग एकदा दादरला कुणाला तरी बघायला जाताना मुलुंड स्टेशनवर आमच्यासमोरून पुण्याची गाडी धडाडत गेली आणि बाबा दोन वर्षांनी हसले. हात पुढे करून चाकं कशी फिरतात ते मला दाखवू लागले. एखाद्या लहान मुलाला हत्ती दाखवावा तसे. घरी आल्यावर आईला म्हणाले, "मशीन बघलंय आज." मालवणी माणसाचं नशीब बघा, गावाकडे जायला तेव्हा एसटी नाहीतर बोट, रेल्वेचा पत्ता नाही, आणि ह्याला वेड लागलं ते रेल्वेचं.

तेव्हा मी ठरवलं, दर रविवारी बाबांना गाड्या बघायला न्यायचं. मी तेव्हा मुलुंडच्याच एका कारखान्यात लागलो होतो, अजून कायम झालो नव्हतो, पण रविवारचा राजा होतो.

गाड्या बघायची जागा शोधणं सोपं वाटतं. ज्याला भोंगा ऐकू येत नाही आणि ज्याचा डावा गुडघा जिन्याला घाबरतो, अशा माणसासाठी शोधून बघा. घाटकोपरचा पूल बघायला उत्तम, पण चढायला अठ्ठावन्न पायऱ्या, आणि वर पाच मिनिटं उभं राहिलं की पाकीट जातं, दहा मिनिटांत चपला. बोरिवलीला दिल्लीची गाडी एवढ्या वेगात गेली की माझ्या शर्टाची तीन बटणं तुटून वसईला जाऊन पडली. गोरेगावला स्टुडिओच्या अलीकडे रुळांना लागून एक छान बुटकी भिंत सापडली, सावलीसकट. दोन रविवार बसलो. तिसऱ्या रविवारी तिथल्या राखणदाराने आम्हाला सिनेमात काम मागायला आलेले समजून हाकललं, आणि बाबा त्याच्या ओठांकडे बघून म्हणाले, "माका हिरो नको, इंजिन दाखव."

अंधेरीचं मात्र गमतीत सांगता येत नाही. फलाटाच्या पार टोकाला, जिथे माणसं संपतात तिथे बाबा उभे होते. समोरून येणारी मालगाडी बघत होते. मागून जलद गाडी आली. भोंग्यावर भोंगा. बाबा दोन पावलं पुढेच सरकले, मालगाडीचं दुसरं इंजिन बघायला. मी त्यांच्या सदऱ्याला धरून ओढलं आणि आम्ही दोघेही फलाटावर पडलो. बाबा चिडून म्हणाले, "इंजिन दिसला नाय ना रे!" त्यांना कळलंच नव्हतं. मी महिनाभर त्यांना कुठेच नेलं नाही. एक मित्र म्हणाला, "मनोरीला ने, एकदम सेफ जागा." मनोरीला रेल्वेच नाही.

मग ते फाटक सापडलं. त्याचा नंबर सांगत नाही, तुम्हाला उपयोग नाही, आता तिथे वरून पूल गेलाय. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. एका बाजूला म्हशींचा तबेला, दुसऱ्या बाजूला फाटकवाल्याची केबिन, केबिनमागे त्याची एका खोलीची रेल्वेची जागा आणि तिच्यावर दुधीचा वेल. केबिन आणि रूळ यांच्यात लोखंडी कठडा होता, आणि कठड्याच्या अलीकडे बाकडं. एवढी चांगली जागा साऱ्या मुंबईत नव्हती. कठडा असल्यामुळे बाबा पुढे जाऊ शकत नव्हते आणि इंजिन मात्र चार हातांवरून जायचं.

फाटकवाले साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, खाकी कपड्यातले. त्यांनी बाबांना रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहिलेलं पाहिलं आणि मला हाक मारली. "ओ पाव्हणं, म्हाताऱ्याला उन्हात कशाला उभं केलंय? आणा की हिकडं." मी त्यांना त्या दिवसापासून मामा म्हणू लागलो.

मामांनी आम्हाला बसू दिलं ते एका अटीवर. गाडीची वेळ झाली की जागचं हलायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. फाटक पाडून ते केबिनसमोर ताठ उभे राहायचे, हातात हिरवं निशाण, बगलेत लाल गुंडाळलेलं. इंजिन जवळ आलं की ड्रायव्हर त्यांना हात करायचा. गाडी गेली की मामा पुन्हा माणसात यायचे.

बाबा आणि मामांचं बघता बघता जुळलं. बाबा चपला काढून तळपाय जमिनीला टेकवून बसायचे. एकदा मालगाडी गेल्यावर म्हणाले, "मागसून सातव्या डब्याचा चाक चपटा झाला हा." मामांना आधी हसू आलं. मग त्यांनी फोन करून पुढे कळवलं, आणि खरंच निघालं. हे मी रंगवून सांगत नाही, मामांनी त्या दिवशी बाबांना वाकून नमस्कार केला होता. पुढे मामाही सावकाश, तोंड नीट हलवून बोलायला शिकले. दोघे तासन्तास बोलायचे, आवाज एकट्या बाबांचाच, आणि तो अख्ख्या तबेल्याला ऐकू जाईल एवढा. मामी चहा आणायच्या. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, तिला रोज ताजा हार. बाबा दोन कप प्यायचे. मीही प्यायचो. चाळीत मी मामांविषयी शंभर गोष्टी सांगितल्या, त्यांच्या घरचा चहा पितो ही तेवढी सांगितली नाही. का ते आमच्या चाळीतल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं.

एकदा मामांनी सदरा वर करून कमरेचा पट्टा दाखवला होता. "अकरा वर्षं गँगमध्ये खडी उपसली, रूळ उचलले. कंबर गेली. अर्ज करकरून हे फाटक मिळालंय. आता परत गँगमध्ये घातलं तर मी काय टिकत न्हाई."

बाबांनी ते सगळं त्यांच्या ओठांवरून वाचलं आणि मामांच्या पाठीवर हात ठेवला. मला ऐकायला दोन चांगले कान होते. मी तेव्हा चाळीत सांगायला नवीन थाप जुळवत होतो.

ती थाप अशी होती, की मेलचे ड्रायव्हर मला ओळखतात आणि सलाम करतात. अमुक गाडीचा उजव्या हाताने, तमुक गाडीचा टोपी काढून. चाळीतल्या चौघांनी दोन आठवडे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "चल, दाखव." पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर फाटकावर आले. मामांना गर्दी आवडली नाही, पण बाबांच्या ओळखीचे म्हणून त्यांनी चौघांना कठड्याआड उभं राहू दिलं.

पहिली गाडी गेली. ड्रायव्हरने हात केला तो मामांना.

"काय रे, तुझा सलाम कुठाय?"

"हा नवीन आहे," मी म्हणालो.

दुसरी गाडी गेली. "हापण नवीन? सगळी भरती आजच झाली वाटतं यार!" एक जण म्हणाला, "बंडल मारतोस लेका, आणि आमचा रविवार फुकट." चौघेही खिदळत होते. बाबा त्यांच्याकडे आणि माझ्याकडे बघत होते.

मेलची वेळ झाली. मामांनी फाटक पाडायला घेतलं आणि नेमकी एक बर्फाची हातगाडी दांड्याखाली अडकली. दोघे ढकलत होते, चाक खड्ड्यातून निघत नव्हतं. मामांनी दोन्ही निशाणं माझ्या हातात दिली. "धरा जरा. फडकवू नका." आणि ते हातगाडीकडे धावले.

हातगाडी निघाली. फाटक पडलं. मेल अजून लांब होती. मामा हाताने खुणावत परत येत होते, की आलोच. आणि मी, चाळीसमोर लाज राखायची म्हणून, मामांच्या जागी जाऊन उभा राहिलो. आयुष्यभर माझं एकच तत्त्व, थोडं असेल तर जास्त करून दाखवायचं. एकापेक्षा दोन निशाणं जास्त लांबून दिसतील आणि ड्रायव्हर नक्की हात करील, असा विचार करून मी दोन्ही उघडली आणि जोरजोरात फडकवली. हिरवं आणि लाल.

ब्रेक लागले तेव्हा जमीन अशी हादरली की बाबांनी पाय उचलून बाकड्यावर घेतले. इंजिन फाटक ओलांडून पुढे गेलं, डबे करकरत थांबले. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर. मामांनी माझ्या हातातून निशाणं हिसकावली. ते इंजिनाकडे धावत गेले. मी त्यांना ओरडून सांगताना ऐकलं, "म्हैस आली होती साहेब! लाइनवर म्हैस!"

पाच-सात मिनिटांनी मेल गेली. चौघे चाळीतले केव्हाच पसार झाले होते. मामा बाकड्यावर बाबांशेजारी बसले, दम खात. मला रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "कुणी इचारलं तर म्हैस. तेवढं एक करा."

म्हणजे बघा. मी जन्मात जेवढं खोटं बोललोय त्याच्या चाकांवर एक मेल दिल्लीपर्यंत जाईल. आणि ह्या माणसाने माझ्याकडे मागून काय मागितलं, तर एक म्हैस.

चार दिवसांनी चौकशीला साहेब आले. फाटकावरच टेबल मांडलं होतं. मला कारखान्यातून रजा घेऊन जावं लागलं. बाबा हट्टाने बरोबर आले आणि नेहमीच्या बाकड्यावर बसले, टेबलापासून पंधरा-वीस पावलांवर. मामा केबिनच्या दारात उभे होते. तबेलेवाले आधीच हात वर करून गेले होते, आमची एकही म्हैस सुटली नव्हती म्हणून. दंड कोण भरणार?

साहेब माणूस शांत होता. पेन उघडं ठेवून म्हणाला, "गाडी थांबली तेव्हा तुम्ही इथे होतात. फाटकवाला म्हणतो रुळांवर म्हैस होती, म्हणून त्याने लाल दाखवलं. तुम्ही पाहिलीत?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, म्हैस माझ्या जिभेवर आली होती. काळी, धिप्पाड, कपाळावर पांढरा चांद, गळ्यात तुटका दोर. इतकी झकास म्हैस मी कधी जुळवली नव्हती.

साहेब म्हणाला, "विचार करून सांगा. खाली तुमची सही असणार आहे. बाहेरच्या कुणी निशाणाला हात लावला असेल तर ती पोलीस केस होते. नोकरी कुठे करता?"

मी कारखान्याचं नाव सांगितलं. पुढच्याच महिन्यात मी कायम होणार होतो.

"हं. मग? म्हैस?"

मी मान खाली घातली आणि आवाज अगदी बारीक करून म्हणालो, "मला काही दिसलं नाही साहेब. मी पाठमोरा होतो."

आवाज बारीक केला तो मामांना ऐकू जाऊ नये म्हणून. मामांना ऐकू गेलं नसावं, ते रुळांकडेच बघत होते. मी सही केली. मग मान वर केली तर बाबा बाकड्यावरून माझ्या तोंडाकडे बघत होते. पंधरा-वीस पावलं म्हणजे साचेखात्यात काहीच नाही. तिथे माणसं ह्याच्या तिप्पट अंतरावरून एकमेकांच्या बायकोची चौकशी करायची.

घरी जाताना भर रस्त्यात बाबा थांबले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कधीच कळायचं नाही. ओरडून म्हणाले, "म्हस होती ना रे?"

"बाबा, हळू बोला."

"म्हस होती. तू गप कित्याक रवलंस?"

भाजीवाल्या बघायला लागल्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना पुढे नेलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबांनी कोरा कागद माझ्यासमोर ठेवला. त्यांना लिहिता यायचं, पण अक्षर लागायचं नाही. "लिव," म्हणाले. बाबांनी आयुष्यात कुणाला खोटं सांगितल्याचं मला आठवत नाही. गिरणीत हजेरी चुकून जास्त लागली तर परत जाऊन खोडून येणारा माणूस. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, की मी अमुक, वय इतकं, त्या दिवशी फाटकाजवळ बसलो होतो, मला लाइनवर म्हैस दिसली, काळी होती, फाटकवाल्याने तिला बघून लाल दाखवलं. एवढंच. त्यांच्या म्हशीला चांद नव्हता, दोर नव्हता. साधी म्हैस. मला कागदावर ती माझ्यापेक्षा खरी वाटली.

त्यांनी खाली अंगठा उठवला, शेजारी वेडीवाकडी सही केली आणि पेन मला दिलं. "खाली तुझी सही कर. तुझा नाव घाल."

मी म्हणालो, "बाबा, मी तिकडे सही दिलीय की दिसली नाही. आता दिसली म्हटलं तर दोन्हीकडून अडकेन. नोकरी जाईल माझी."

बाबांनी ते वाचलं. कागदाची चार वेळा घडी घातली, खिशात ठेवला आणि एकटे गेले. कुठल्या ऑफिसात जायचं, कितव्या मजल्यावर, हे मामांना विचारून आले होते. संध्याकाळी परतले तेव्हा गुडघा सुजला होता. त्यांनी कागद दिला होता. तिथला कारकून खाली फायलीत बघतच बोलत होता, म्हणून त्याने काय विचारलं ते बाबांना एकदाही कळलं नाही, आणि बाबांनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं, "म्हस होती." हे मला आईकडून कळलं. मला त्यांनी सांगितलं नाही.

महिन्याभरात मामांची बदली झाली. बदली कसली, गँगमध्ये परत. विनाकारण मेल थांबवली म्हणून. जागाही खाली करावी लागली. सामान टेम्पोत भरताना बाबा तिथे होते, मी नव्हतो, माझी शिफ्ट होती. शिफ्ट नव्हती. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून होतो. त्याच आठवड्यात मला कायम झाल्याचं पत्र मिळालं आणि आईने साखर वाटली. बाबांनी हातावर घेतली आणि खाल्ली, नाही असं नाही.

नवीन फाटकवाल्याने बाकडं उचलून आत ठेवलं. बाबा पुन्हा दारातल्या स्टुलावर.

वर्षभराने असेल, मी घाटकोपरला पुलावर होतो. खाली गँग काम करत होती. खडी ओढणाऱ्यांत एक जण मधूनमधून कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, तेवढ्यावरून मी ओळखलं. मी पुलाच्या पलीकडच्या बाजूला सरकलो. पण मामांनी वर पाहिलंच.

"ओ पाव्हणं!" हात हलवत ओरडले. "बाबा कसं हायत?"

"मजेत," मी वरून म्हणालो.

"आणा की एकदा हिकडं! त्या खांबापल्याड कुंपण हाय, आतल्या अंगाला ओटा हाय, सावली हाय. पायऱ्या चढाय लागत न्हाईत. दोन्हीकडच्या गाड्या दिसत्यात. म्हाताऱ्याला लई बेस जागा हाय, मी बघून ठेवलीय."

मी त्या बाजूला पाहिलं. कुंपण होतं. ओटा होता. दुपारी दोनला तिथे गार सावली होती.

"आणतो," मी म्हणालो. "रविवारी आणतो."

मामा परत वाकले. मी घरी गेलो. बाबांना ती जागा सांगायची तर मामा भेटले हे सांगावं लागलं असतं, आणि भेटले तेव्हा मी पुलावरून खाली उतरलो नाही हेही. मी काहीच सांगितलं नाही. रविवारी चाळीत कुणाचं तरी बारसं होतं. जेवणं झाल्यावर पोरं म्हणाली, ते मेलचं सांगा ना, आणि मी सांगितलं.